ऑलिम्पिया पहिल्यांदा पाहताना: देवस्थान, नवस आणि धावपट्टी

ग्रीसमधल्या ऑलिम्पियाला जाणारे बहुतेक लोक मैदान बघायला जातात आणि थोडे निराश होऊन परततात. मैदान म्हणजे मातीची एक लांब पट्टी, दोन्ही बाजूंना गवताचे उतार आणि दोन टोकांना दगडाची एकेक ओळ. मुळात ऑलिम्पिया हे ग्रीकांच्या देवाधिदेव झ्यूसचे देवस्थान होते आणि स्पर्धा हा त्याच्या उत्सवाचा भाग. आपल्याकडे गावदेवाच्या जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो, तोच प्रकार, फक्त दर 4 वर्षांनी आणि साऱ्या ग्रीक जगासाठी. हे मनात ठेवून पाहिले, तर पडक्या खांबांपासून काचेच्या पेटीतल्या बोटभर घोड्यापर्यंत सगळ्याचा अर्थ लागतो.

वेळेचे गणित

अथेन्सहून रस्त्याने अंतर सुमारे 300 किमी आहे. सार्वजनिक बसने जायचे तर अथेन्सच्या किफिसोस बस स्थानकावरून पिर्गोस गाठा आणि तिथून ऑलिम्पियाची बस घ्या. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नका. गावात एक मुक्काम केला की सकाळची वेळ हाती राहते, आणि इथे खरी किंमत सकाळच्याच वेळेला आहे. जवळच्या काताकोलो बंदराला मोठी प्रवासी जहाजे लागतात. त्यांच्या बसगाड्या आल्या की देवळापुढे आणि धावपट्टीवर एकदम गर्दी उसळते.

अवशेषांचे आवार, मुख्य पुरातत्त्व संग्रहालय आणि प्राचीन ऑलिम्पिक स्पर्धांचे छोटे संग्रहालय एकाच तिकिटात पाहता येतात. दर आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी ग्रीक संस्कृती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. आवाराला दोन ते अडीच तास, मुख्य संग्रहालयाला दोन, स्पर्धांच्या संग्रहालयाला एक, असा हिशेब ठेवा. उन्हाळ्यात दार उघडताच आवारात शिरा आणि ऊन चढले की संग्रहालयात या. टोपी, पाण्याची बाटली आणि जाड तळव्यांचे बूट घ्या. सपाता घालून आलात तर मैदानातल्या खड्यांवर लंगडत चालावे लागेल.

आवाराआधी दहा मिनिटे संग्रहालयात डोकावून दालनातली देवस्थानाची प्रतिकृती पाहता आली, तर अवश्य पाहा. जमिनीवर बहुतेक सगळे कमरेइतक्या उंचीचे उरले आहे. उंची आधी डोळ्यांत भरून घेतली नाही, तर पुढचे दोन तास नुसते दगड दिसतात.

आधी देवराई शोधा

देवस्थानाच्या मधल्या पवित्र भागाला आल्तिस म्हणत. शब्दाचा अर्थ राई. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको, देवराई म्हटले की झाले. आल्तिसला कुंपणभिंत होती. आत देवाचे आणि बाहेर माणसांचे, अशी विभागणी. आखाडा, व्यायामशाळा, स्नानगृहे, पाहुण्यांचे लिओनिदाइऑन आणि शिल्पकार फिडियसची कार्यशाळा हे सगळे भिंतीबाहेर येते. झ्यूसचे देऊळ, त्याची पत्नी हेरा हिचे देऊळ, पुराणकथेतला वीर पेलोप्स याचे स्मारक आणि वेद्या आत. सध्याच्या प्रवेशाकडून आत आलात की आधी उजव्या हाताला आखाड्याचे खांब लागतात, म्हणजे तुम्ही अजून माणसांच्या भागात आहात. नकाशावर ही भिंत पेन्सिलने ओढून घ्या. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

झ्यूसच्या देवळाच्या जोत्यापाशी थांबा. एलिसचा वास्तुकार लिबोन याने बांधलेले हे देऊळ इ.स.पू. 456 च्या सुमारास पूर्ण झाले. समोर 6 खांब, बाजूला 13, प्रत्येक खांब दहा मीटरहून उंच. दगड स्थानिक, शिंपल्यांनी भरलेला आणि खडबडीत. त्यावर चुन्याचा पांढरा गिलावा देऊन तो संगमरवरासारखा दाखवत. जोत्याबाहेर खांबांचे तुकडे कापलेल्या काकडीच्या चकत्यांसारखे ओळीने पडलेले दिसतील. हे काम इ.स. सहाव्या शतकातल्या भूकंपांचे. नंतर नद्यांच्या पुरांनी सगळ्यावर कित्येक मीटर गाळ चढवला आणि त्या गाळानेच ते जपले. उभा दिसणारा एकमेव खांब 2004 मध्ये पुन्हा रचलेला आहे.

देवळाची कल्पना करताना आपली सवय आड येते. आपण देवळात जातो आणि गाभाऱ्यासमोर दर्शन घेतो. ग्रीक देऊळ हे देवाचे घर. पूजा बाहेर, मोकळ्या आभाळाखालच्या वेदीवर. लोक जमायचे ते वेदीभोवती. म्हणून कुठल्याही ग्रीक देवस्थानात देवळाआधी वेदी शोधायची, बहुधा ती पूर्वेला दारासमोर असते.

आणि इथे ऑलिम्पिया चकवते, कारण झ्यूसची मुख्य वेदी आता अजिबात नाही. इ.स. दुसऱ्या शतकात इथे येऊन गेलेल्या पॉसानियस या ग्रीक प्रवासवर्णनकाराने तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. ती राखेची होती. बळीच्या मांड्यांची हाडे जाळून उरलेली राख आल्फेओस नदीच्या पाण्यात कालवून वेदीवर दरवर्षी थापत. सारवणच म्हणा ना! शतकानुशतके थर चढून वेदीची उंची 22 फूट आणि पायाचा घेर 125 फूट झाला होता. जाळायला फक्त पांढऱ्या पॉप्लरचे लाकूड चाले. राखेचा ढीग पावसात वाहून गेला आणि देवस्थानातली सर्वांत महत्त्वाची जागा रिकामी राहिली. पेलोप्सचे पंचकोनी आवार आणि हेराचे देऊळ या दोहोंपासून सारख्या अंतरावर, दोहोंच्या पुढे ती होती, असे पॉसानियस सांगतो. त्या मोकळ्या जागेत दोन मिनिटे उभे राहा. उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी 100 बैलांचा बळी इथेच पडत असे.

बळीचा विधी कसा चाले

हे समजून घेतल्याशिवाय संग्रहालयातली निम्मी भांडी आणि चित्रे मुकी राहतात, म्हणून क्रम नीट लक्षात ठेवा. मिरवणुकीने जनावर वेदीपाशी येई. टोपलीत जव आणि जवाखाली सुरी झाकलेली. हात धुऊन जनावराच्या डोक्यावर पाणी शिंपडत, ते मान हलवी. जवाचे दाणे उधळत, कपाळाचे थोडे केस कापून अग्नीत टाकत. मग गळा कापला जाई आणि त्या क्षणी स्त्रिया मोठ्याने हाळी देत. मांडीची हाडे चरबीत गुंडाळून देवासाठी जाळत, म्हणजे देवाच्या वाट्याला धूर. काळीज, यकृत वगैरे सळ्यांवर भाजून तिथल्या तिथे खात. उरलेले मांस शिजवून वाटत. प्रसादाच्या पंगतीसारखेच, सामान्य माणसाला मांस मिळण्याची ती मोठी संधी असे.

आता भांड्यांवर पाहा. मधोमध फुगीर टेंगूळ असलेली उथळ, बिनकानाची वाटी दिसली तर ती फियाले, देवाला मद्य ओतण्याची. खालून बोटे टेंगळात घालून ती धरत. लांब लोखंडी सळ्या भाजण्यासाठी. तीन पायांवरचे मोठे कढईवजा भांडे मुळात मांस शिजवण्याचे, पुढे तेच मानाचे दान झाले.

हेराचे देऊळ, मग धावपट्टी

हेराचे देऊळ झ्यूसच्या देवळाहून जुने, इ.स.पू. 600 च्या सुमाराचे. त्याचे खांब नीट निरखा. जाडी, खाचा, माथे, काहीच एकमेकांशी जुळत नाही. मूळ खांब लाकडी होते आणि जसजसा एकेक कुजला, तसतसा त्याच्या जागी त्या त्या काळच्या पद्धतीचा दगडी खांब आला. पॉसानियसने एक ओकचा खांब तेव्हाही पाहिला होता. या देवळापुढे आज आरशाने ऑलिम्पिक ज्योत पेटवतात. मशाल दौडीची ही प्रथा 1936 च्या बर्लिन स्पर्धांपासूनची, प्राचीन ऑलिम्पियात ती नव्हती.

मैदानाकडे जाताना डाव्या हाताला, खजिनागृहांच्या (ग्रीक नगरांनी दाने ठेवायला बांधलेल्या छोट्या इमारतींच्या) चौथऱ्याखाली, दगडी बैठकांची रांग आहे. तिच्याकडे न पाहता पुढे जाण्याची चूक सगळे करतात. या झानेसच्या बैठका. फसवणूक करणाऱ्या खेळाडूंच्या दंडाच्या पैशांतून त्यांवर झ्यूसचे ब्राँझचे पुतळे उभारत. पहिले सहा इ.स.पू. 388 चे, थेसलीच्या युपोलोस या मुष्टियोद्ध्याने प्रतिस्पर्ध्यांना लाच दिली म्हणून. मैदानात शिरणाऱ्या प्रत्येकाला ते बघूनच जावे लागे, जागा त्यासाठीच निवडलेली. स्पर्धकांनी, त्यांच्या बापभावांनी आणि वस्तादांनी आधी झ्यूससमोर रानडुकराच्या मांसाच्या तुकड्यांवर हात ठेवून शपथ घेतलेली असे. त्यामुळे लबाडी हा केवळ खेळातला गुन्हा राहत नसे, देवाचा अपराध होई.

कमानीतून आत गेलात की 192 मीटरची धावपट्टी. तिची लांबी 600 फूट मोजलेली, फूट मात्र इथला, सुमारे 32 सेंमीचा. डेल्फी या दुसऱ्या ग्रीक देवस्थानातली धावपट्टीही 600 फुटांची, पण तिथला फूट आखूड, म्हणून ती सुमारे 178 मीटरच भरते. विक्रमांची तुलना करण्याचा प्रश्नच नव्हता, त्या दिवशी त्या जागी कोण पहिला एवढेच महत्त्वाचे. टोकाच्या दगडी ओळीत दोन समांतर खाचा आहेत, पायांची बोटे रोवण्यासाठी. दोन्ही खाचांत एकेक पाऊल ठेवून पाहा. पावले अगदी जवळ येतात, म्हणजे आजच्यासारखे ओणवे बसून नव्हे, उभ्यानेच किंचित झुकून धावायला सुरुवात होई. आधी निसटणाऱ्याला फटके बसत.

प्रेक्षकांना बाके नव्हती. हजारो माणसे उतारांवर बसत. दगडी आसने दिसतात ती पंचांची. त्यांच्या समोरच्या उतारावर देमेतेर देवीची वेदी आहे. विवाहित स्त्रियांना स्पर्धा पाहायला बंदी होती, अपवाद फक्त या देवीच्या पुजारणीचा. घोड्यांच्या शर्यतीचे मैदान दक्षिणेला होते. ते शोधत फिरू नका, जमिनीवर आज काही दिसत नाही.

मुख्य संग्रहालय: प्रत्येक पेटीला एकच प्रश्न

‘हे कोणी दिले आणि का?’ एवढा प्रश्न घेऊन आत शिरा. इथल्या बऱ्याचशा वस्तू कोणी ना कोणी झ्यूसला वाहिलेल्या आहेत.

सुरुवातीच्या दालनांत छोटे ब्राँझचे घोडे आणि बैल आहेत. ऑलिम्पियात असे प्राणी हजारोंनी सापडले. पाटीवर इ.स.पू. आठवे शतक लिहिलेले असेल. घाईतले लोक ही पेटी टाळून थेट मोठ्या पुतळ्यांकडे जातात. उलट इथे थांबा. आपल्याकडे चांदीचे डोळे, पाळणे, हातपाय देवाला वाहतात, त्याच जातीची ही दाने. शेतकऱ्याला परवडेल एवढे जनावर. श्रीमंतांनी दिल्या त्या कढया, त्यांच्या काठांवर ग्रिफिन या गरुडतोंडी काल्पनिक प्राण्याची मुंडकी.

एवढे सगळे टिकले कसे? देवाला दिलेली वस्तू देवाची होते, ती वितळवून विकायची नाही, आवाराबाहेर न्यायची नाही. जागा अपुरी पडली की ती आवारातच पुरत. जुन्या ढाली, शिरस्त्राणे मैदानाच्या उतारांच्या भरावात गेली, वापरातून गेलेल्या विहिरींत टाकली गेली. खंडित मूर्ती कचऱ्यात न टाकता विसर्जित करणाऱ्यांना हे तर्कशास्त्र नवे नाही.

शिरस्त्राणांच्या पेटीत दोन नेमकी शोधा. एक चेपलेले, कडेवर अक्षरे कोरलेले: मिल्तियादेसने झ्यूसला वाहिले. मॅरेथॉनच्या लढाईतला (इ.स.पू. 490) अथेन्सचा सेनापती हाच. दुसरे टोकदार, पर्शियन: अथेन्सकरांनी मीदांकडून, म्हणजे पर्शियनांकडून, घेऊन झ्यूसला दिले. जिंकणारा स्वतःचेही देतो आणि शत्रूकडून जिंकलेलेही देतो. कोरीव लेखांत ‘आनेथेके’ हा शब्द येतो, अर्थ ‘अर्पण केले’. त्याची ग्रीक अक्षरे घरीच एका चिठ्ठीवर उतरवून न्या. पेट्यांमध्ये तो ओळखता येऊ लागला की फिरण्यात वेगळीच गंमत येते.

मधल्या मोठ्या दालनात झ्यूसच्या देवळाची शिल्पे आहेत. छपराखालचे दोन त्रिकोण समोरासमोर मांडलेत. पूर्वेचा त्रिकोण देवळाच्या दर्शनी बाजूचा: पेलोप्स आणि राजा ओइनोमाओस यांची रथशर्यत सुरू होण्यापूर्वीचा क्षण, मध्ये झ्यूस. कोणी हलत नाही. फक्त एका कोपऱ्याजवळ बसलेल्या म्हाताऱ्या द्रष्ट्याने पुढचे ओळखले आहे. त्याचा चेहरा चुकवू नका, आमच्या मते अख्ख्या संग्रहालयातले ते सर्वांत मोलाचे शिल्प. पश्चिमेचा त्रिकोण उलट, नुसती मारामारी: लग्नात दारू पिऊन माजलेले अर्धे घोडे, अर्धे मानव सेंटॉर, आणि मध्ये हात पसरून उभा अपोलो. ही शिल्पे दहा मीटरपेक्षा वरची, खालून पाहायची. शक्य तितके मागे सरका. काही आकृत्या अपुऱ्या घडवलेल्या वाटतील, कारण ती बाजू कोणाला दिसणारच नव्हती. आणि पांढऱ्या रंगाला भुलू नका, ही शिल्पे रंगवलेली होती.

बाजूच्या भिंतींवर हेराक्लीस (हर्क्युलिस) या वीराच्या 12 पराक्रमांचे चौकोनी पट. काही तुकडे प्लास्टरचे आहेत, कारण 1829 च्या फ्रेंच मोहिमेने मूळ तुकडे पॅरिसला नेले, ते आज लूव्हरमध्ये आहेत. आकाश तोलणारा हेराक्लीस, मागून एका हाताने सहज आधार देणारी अथेना आणि समोर सफरचंदे घेऊन आलेला आटलास, हा पट मात्र इथेच पाहायचा.

पुढे शिल्पकार पाइओनिओसची नीके, विजयदेवता, इ.स.पू. 420 च्या सुमाराची. बुटांच्या कंपनीने जिचे नाव घेतले ती हीच देवी. ती एका उंच तीनकोनी खांबावर होती, आभाळातून उतरताना दिसावी म्हणून. फिडियसच्या कार्यशाळेतल्या वस्तूंत मातीचे साचे आहेत. झ्यूसची सोन्याची आणि हस्तिदंताची 12 मीटरांहून उंच मूर्ती त्याने घडवली, ती उरली नाही. पेट्यांतला लहानसा काळा पेला शोधा. बुडाशी खरवडलेय, ‘मी फिडियसचा’.

शिल्पकार प्राक्झितेलीसचा म्हणून ओळखला जाणारा हर्मीस देवाचा पुतळा 1877 मध्ये हेराच्या देवळात सापडला. तो मूळ की नंतरची प्रत, हा वाद जुना आहे. मागच्या बाजूला जा आणि पाठीवरचे छिन्नीचे ठसे बघा, वाद तिथूनच सुरू होतो. पुतळ्यांसमोर त्यांच्यासारखी पोझ देऊन फोटो काढलात तर रखवालदार लगेच हटकतात. फ्लॅशही चालत नाही.

शेवटाकडे एक संगमरवरी बैल आहे. त्याच्या कुशीवरचा लेख सांगतो, देमेतेरची पुजारीण रेगिला हिने हे पाणी झ्यूसला दिले. तो रेगिला आणि तिचा नवरा हेरोदेस आटिकस यांनी इ.स. दुसऱ्या शतकात बांधलेल्या कारंज्यावर होता. त्याआधी जत्रेकरू विहिरी खणून तहान भागवत. मैदानातली देमेतेरची वेदी आठवा. स्पर्धा पाहण्याचा हक्क असलेली बाई अशी नावानिशी भेटते.

खेळांची हत्यारे ओळखा

छोट्या संग्रहालयात पाटी वाचण्याआधी वस्तू ओळखण्याचा प्रयत्न करा.

टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरसारखे दगडी किंवा शिशाचे तुकडे म्हणजे लांब उडीचे वजन. दोन्ही हातांत घेऊन झोका देत. वाकडी, पन्हळीसारखी ब्राँझची पट्टी म्हणजे खरवडणी. खेळाडू अंगाला तेल लावत, माती उधळत आणि नंतर घाम, तेल, माती हिने खरवडून काढत. तालमीतल्या तांबड्या मातीची सवय असलेल्याला यात काही विचित्र वाटणार नाही, फक्त इथे लंगोट नव्हता. थाळ्यांची वजने एकसारखी नाहीत. ब्राँझची एक थाळी कोरिंथच्या एका पंचक्रीडापटूने इ.स. 241 मध्ये झ्यूसला वाहिलेली आहे. ऑलिम्पियात सापडलेला एक शिलाखंड 143.5 किलोंचा आहे. बिबोनने मला एका हाताने डोक्यावरून फेकले, असे त्यावर लिहिले आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमच्यावर.

कुस्तीत वजनगट नव्हते, वेळेची मर्यादा नव्हती, प्रतिस्पर्ध्याला तीनदा पाडायचे. आणि बक्षीस एकालाच, रानटी ऑलिव्हच्या फांदीचा मुकुट. दुसऱ्या-तिसऱ्याला काही नाही. खाशाबा जाधवांचे 1952 चे हेलसिंकीतले कांस्यपदक तिथे मिळालेच नसते. रथाच्या शर्यतीत तर मुकुट हाकणाऱ्याला नव्हे, मालकाला. त्यामुळेच स्पार्टाची राजकन्या किनिस्का इ.स.पू. 396 आणि 392 मध्ये मैदानात पाऊल न टाकता जिंकली. तिच्या पुतळ्याची कोरीव बैठक इथे आहे.

ऑलिम्पियासारख्याच इतर मोठ्या स्पर्धांत डेल्फीला लॉरेल, इस्थमियाला पाइन, नेमेयाला रानटी सेलरी मिळे. अथेन्सच्या उत्सवात मात्र तेलाने भरलेले मोठे मातीचे रांजण देत. युरोपातल्या कुठल्याही मोठ्या संग्रहालयात ते दिसतील. एका बाजूला शस्त्र उगारलेली अथेना, दुसऱ्या बाजूला तो खेळ. लाल आकृत्यांची पद्धत आल्यावरही या रांजणांवर काळ्याच आकृत्या राहिल्या, परंपरा म्हणून. त्यामुळे नुसत्या रंगावरून काळ ठरवायला गेलात तर चुकाल. संगमरवरी खेळाडूच्या पायाशी झाडाचा बुंधा दिसला, तर बहुधा तो ब्राँझच्या मूळ पुतळ्याची रोमन प्रत आहे. ब्राँझ स्वतः उभे राहते, संगमरवराला टेकू लागतो.

परतल्यावर

इस्थमियाचे खेळ समुद्रदेव पोसायडनचे. त्या पोसायडनची एक लहानशी ब्राँझमूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे, ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या उत्खननात सापडलेली. एक हात वर, त्यात कधीकाळी त्रिशूळ असणार. तिच्यासमोर उभे राहून तोच प्रश्न विचारा. इथे उत्तर वेगळे येते. ही मूर्ती नवसाने आलेली नाही. रोमन व्यापाराच्या मालाबरोबर समुद्र ओलांडून आणि घाट चढून ती पंचगंगेच्या काठी पोहोचली.